शेजारी आला का?

अमेरिकेत आयसेलिनला राहायला आल्यापासून पद्मजा केतकरांना मोजायला माणसंच उरली नव्हती. घरात सगळी मिळून चार डोकी: त्या, त्यांचे यजमान चंद्रशेखर, मुलगा निमिष आणि सून हिमानी. तरी गाडीत बसलं की पद्मजाताईंची मान आपोआप मागे वळायची आणि तोंडातून निघायचं, "शेजारी आला का?" मागच्या सीटवर एकटेच बसलेले चंद्रशेखर गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायचे, "शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसलाय, मॅडम." गाडी हिमानी चालवत असली तर ती हसायची. निमिष असला तर तो नुसती मान हलवायचा. त्याचं सगळं लहानपण या प्रश्नात गेलं होतं.

एकतीस वर्षं पद्मजाताईंनी पुण्यातल्या एका छोट्या सहल कंपनीत टूर मॅनेजर म्हणून काढली. लागल्या होत्या टायपिस्ट म्हणून. पहिल्याच वर्षी एक मॅनेजर ऐन वेळी कावीळ होऊन पडले, आणि मालकांनी टायपिंग करणाऱ्या या एकोणतीस वर्षांच्या बाईकडे बोट दाखवून म्हटलं, "तुम्ही जा उज्जैनला. माणसं मोजता येतात ना?" येत होती. उज्जैनहून निघताना त्यांनी बसमधली माणसं दोनदा मोजली, दोन्ही वेळा बेचाळीस भरली, आणि बस सुटली. तासाभराने कळलं, की बेचाळिसावा माणूस ड्रायव्हरच्या ओळखीचा होता, पुढच्या गावापर्यंत लिफ्ट घेऊन चाललेला. आणि खरी बेचाळिसावी, वाईच्या एक आजी, चहाच्या टपरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या होत्या. बस परत फिरली तेव्हा आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, कुणाला तरी आठवेल."

त्या वाक्याने पद्मजाताईंना आठ दिवस जेवण गेलं नाही. त्यानंतर त्यांनी डोकी मोजणं सोडलंच. आकडा खोटं बोलतो, शेजारी बोलत नाही. बस सुटण्यापूर्वी त्या पुढे उभ्या राहून विचारायच्या, "शेजारी आला का?" आणि प्रत्येकाने स्वतःबद्दल नाही, आपल्या शेजाऱ्याबद्दल सांगायचं. आला. आली. आले. मग कुठे ड्रायव्हरला मान डोलवून खूण. एकतीस वर्षांत पुन्हा कुणी मागे राहिलं नाही.

कंपनी मोठी होत गेली, तसा तो प्रश्नही त्यांच्याबरोबर दूरदूर गेला. हरिद्वारला, सिंगापूरला, आणि शेवटच्या बारा-तेरा वर्षांत ग्रीसला. ग्रीसच्या सहलीत नॅक्सॉस नावाचं एक बेट असायचं. तिथे अर्ध्या दिवसाची बसफेरी: बंदर, डोंगरातल्या बागेतला पुतळा, एक जुनं गाव आणि शेवटी टेकडीवर धान्याच्या देवीचं देऊळ. पद्मजाताईंनी ही फेरी चौदा वेळा केली. आणि चौदा वेळांत एकदाही त्या देवळापर्यंत पोचल्या नाहीत.

त्याचं कारण साधं होतं. तिकडे अशा जुन्या जागी माहिती सांगायची ती तिथल्या परवानाधारक गाइडने. बाहेरच्या टूर मॅनेजरने तोंड उघडायचं नाही. मग मॅनेजरचं काम काय? तर ज्यांना दहा-बारा मिनिटांची ती चढाची वाट जमणार नाही, त्यांच्यापाशी खाली थांबायचं. गुडघेवाले, दमेवाले, "आम्ही काय फोटोत बघू"वाले. ऑलिव्हच्या झाडाखाली पद्मजाताई आपली पिवळी छत्री उघडून बसायच्या. ती छत्री म्हणजे सहलीचा झेंडा. माणसं वर चढताना लहान लहान होत जायची, देऊळ एका वळणाआड. दिसायचा फक्त एक पांढरा कोपरा, आंघोळीहून आलेल्या माणसाच्या कपाळासारखा स्वच्छ. त्या कोपऱ्याकडे बघत त्या मनाशी म्हणायच्या, पुढच्या खेपेला.

घरी आल्यावर चंद्रशेखर विचारायचे, "काय, या वेळी तरी वर गेलीस?"

"कुठे हो! या वेळी तर सात गुडघे होते."

"सात? म्हणजे एकाचा एक धड होता म्हणायचं."

चंद्रशेखरांना कधी सहलीला नेता आलं नाही, कारण त्यांना बस लागायची. अख्ख्या महाराष्ट्राला जग दाखवणाऱ्या बाईचा नवरा स्वारगेटहून कात्रजपर्यंत टिकत नसे. बँकेत नोकरी, घरात निमिषचा अभ्यास, सकाळचा वरण-भात, सगळं त्यांनी बिनतक्रार सांभाळलं. पण पद्मजाताई निवृत्त झाल्या त्या दिवशी ते म्हणाले, "आता एकदा आपण दोघं जाऊ. तू मॅनेजर नाहीस, मी नवरा नाही. दोघंही पॅसेंजर. गोळ्या खाईन, लिंबू हुंगेन, पण येईन. तुला वर जायचंय ना, मी खाली थांबतो छत्री धरून."

एवढं बोलणं झालं आणि पुढे ते राहूनच गेलं. निमिषने दोघांना कायमचं इकडे बोलावलं.

इथे जे घडलं, ते पद्मजाताईंनी हिमानीपाशीही कधी नीट बोलून दाखवलं नाही. ग्रीन कार्डाचे अर्ज भरताना निमिष लॅपटॉपसमोर बसला होता. एकतीस वर्षं हजारो प्रवाशांचे व्हिसाचे फॉर्म पद्मजाताईंनी भरले होते, एक रकाना चुकला नव्हता. निमिषने विचारलं, "आई, कार्ड येईपर्यंत देशाबाहेर जायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. तोही अर्ज टाकू का सोबत?" आणि पद्मजाताई म्हणाल्या, "कशाला रे उगीच! आम्हाला कुठे जायचंय आता?"

खरं तर मनात तेव्हाच तो पांढरा कोपरा लुकलुकला होता. पण मुलाच्या घरात नुकतं पाऊल टाकलेलं, त्याच्या मागे कामाचा रगाडा. आपल्यामुळे त्याला आणखी एक कागद नको. आपल्या पिढीच्या बायांच्या तोंडून "मला नको" हे इतकं झटकन निघतं, की मनाला विचारायलाही वेळ मिळत नाही.

सहा महिन्यांनी, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, हिमानीने टेबलावर एक लिफाफा ठेवला. सप्टेंबरमध्ये ग्रीस. चौघं. शेवटी नॅक्सॉस. तिने सासऱ्यांकडून हळूच सगळं काढून घेतलं होतं. पद्मजाताई लिफाफा उघडून बघत राहिल्या, आणि निमिषच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्याला तो न टाकलेला अर्ज आठवला.

अर्ज मग टाकला. पण परवानगीला महिनोन् महिने लागतात. सप्टेंबर आला आणि गेला. कागद आला नाही. ट्रिप कॅन्सल केली. "नेक्स्ट इयर नक्की, आई," हिमानी म्हणाली. पद्मजाताई म्हणाल्या, "अगं, मी चौदा वेळा बघितलंय ते." चंद्रशेखरांनी गोळ्यांची नवी कोरी पट्टी औषधांच्या डब्यात सगळ्यांत खाली ठेवून दिली.

ऑक्टोबरमध्ये ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानात पद्मजाताई कढीपत्ता निवडत उभ्या होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "शेजारी आला का?"

त्या गर्रकन वळल्या. पंचाहत्तरीचे एक गृहस्थ, डोक्यावर लोकरी टोपी, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी.

"ओळखलं नाहीत ना? कसं ओळखणार म्हणा! मी त्र्यंबक पेठे. नऊ वर्षांपूर्वी ग्रीसला होतो तुमच्याबरोबर. मी आणि आमची शरयू."

पद्मजाताईंना खरंच आठवेना. "आणि शरयूताई? त्याही आल्यात का इकडे?"

"ती गेली. चार वर्षं होतील आता." त्र्यंबककाकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मी मुलीकडे असतो. गुरुवारी आमचा कट्टा असतो लायब्ररीच्या खालच्या खोलीत. आसावरी चालवते, गुणी पोरगी आहे. कुणी भजनं म्हणतं, कुणी योगा शिकवतं. तुम्ही या. आणि येताना..." ते थोडे घुटमळले. "आम्हाला ती नॅक्सॉसची अर्ध्या दिवसाची फेरी घडवून आणा."

"म्हणजे स्लाइड शो?"

"छे छे. फेरी. तुमची ती छत्री आहे ना अजून?"

छत्री होती. पुण्याचं घर आवरताना पितळी भांडी वाटून टाकली, पण छत्री बॅगेत तिरकी बसवून आणली होती.

घरी आल्यावर त्या चंद्रशेखरांना म्हणाल्या, "काहीतरीच बाई त्यांचं! चार भिंतींत कसली फेरी?" पण रात्रीच्या जेवणानंतर हिमानीने पाहिलं, त्या वहीत वेळा लिहीत बसल्या होत्या. फक्त शेवटच्या ओळीपाशी त्यांचं पेन थांबलं होतं. बाकी सगळं डोळ्यांनी बघितलेलं. देवळाबद्दल काय सांगायचं? निवृत्त होईपर्यंत त्या बसमध्येच, थांबा येण्याआधी, गाइडच्या पुस्तकातली चार वाक्यं ठोकून द्यायच्या: पांढरा संगमरवर, एवढे खांब, अमुक शतक. कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुम्ही स्वतः बघितलंय का? हे पेठेकाका वर जाऊन आलेले, दुकानात निघताना तसं म्हणालेही होते. त्यांच्यासमोर ती वाक्यं म्हणायची त्यांना लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी त्या तासभर आधी पोचल्या. आसावरी चाळिशीतली, सॉफ्टवेअरमधला जॉब सांभाळून कट्ट्याचं बघणारी. तिच्या मदतीने खुर्च्या दोन-दोन करून मांडल्या, मधे वाट, पुढे ड्रायव्हरची एक. प्रत्येक खुर्चीवर आलेपाकाच्या दोन वड्या कागदात गुंडाळून.

"काकू, हे सो क्यूट आहे!" आसावरी म्हणाली. "पण हे लोक बसतील ना असे? मागच्या वेळी झूम्बाला कुणी उभंच राहिलं नाही."

"बस म्हटलं की मराठी माणूस आधी जागा धरतो," पद्मजाताई म्हणाल्या. "बघच तू."

आणि तसंच झालं. दहा वाजता दार उघडलं तशी वीस-बावीस मंडळी आत आली. खुर्च्यांची मांडणी बघून क्षणभर थबकली, आणि पुढच्या क्षणी रुमाल पडले. नागपूरच्या नीलांबरीकाकूंनी खिडकीकडच्या दोन जागा एकदम अडवल्या. "माझी मैत्रीण येऊन राहिली बाप्पा, पार्किंगमध्ये आहे!"

सगळ्यांत शेवटी चंद्रशेखर आले. पद्मजाताईंना ते येणार हे ठाऊकच नव्हतं. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले, खिशातून लिंबू काढून मुठीत धरलं, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर गोळ्यांची पट्टी ठेवली.

"अहो, हे काय?"

"तुझ्या बसमध्ये पहिल्यांदा चढलोय. काळजी घेतलेली बरी."

बसभर हशा पिकला. पद्मजाताईंनी छत्री उघडली, आणि उघडताना त्यांच्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला. आवाजही बदलला. घरात हळू बोलायची सवय झालेल्या त्या आवाजाला जुनी धार आली. "सुप्रभात मंडळी! शेजारी आला का?"

आला. आली. आली बाप्पा, पार्किंगमधून आली. चंद्रशेखर म्हणाले, "माझा शेजारी पुढे छत्री धरून उभा आहे, मॅडम." त्र्यंबककाका तिसऱ्या ओळीत होते. शेजारी एक अबोल गृहस्थ. काकांनी त्यांच्याकडे नीट बघून सांगितलं, "आले."

गणपतीबाप्पाचा गजर झाला आणि बस सुटली.

पद्मजाताईंनी चित्र एकही दाखवलं नाही. नुसतं बोलत राहिल्या, पुढे उभ्या राहून, एका हाताने खुर्चीची पाठ धरून, वळण आलं की त्या बाजूला थोडं झुकून. बघता बघता माणसंही झुकायला लागली. "आता डावीकडे बघा. ते बंदर. आणि त्या टोकावर दार दिसतंय? नुसतं दार. पांढऱ्या दगडाचं, तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी वर हात पोचणार नाही. देऊळ बांधायला घेतलं, दार उभं राहिलं, पुढे कामच थांबलं. अडीच हजार वर्षं दार उभं आहे, घर नाही."

"आमच्या चंदननगरच्या बिल्डरसारखं," मागून कुणीतरी म्हणालं.

मग डोंगरातली बाग. लिंबाची झाडं, पाण्याचा झुळझुळ आवाज, आणि गवतात उताणा पडलेला दगडी तरुण. घडवतानाच त्याचा पाय मोडला म्हणून कारागिरांनी तिथेच सोडून दिलेला. नीलांबरीकाकूंना त्याची फार दया आली. "अडीच हजार वर्षं बेडरेस्ट! आणि आम्हाला हिप रिप्लेसमेंटनंतर तिसऱ्या दिवशी चालायला लावलं इथल्या लोकांनी."

जुन्या गावाच्या थांब्यावर खरोखरच सगळे उतरले, पाय मोकळे केले. त्या गावात लिंबाच्या जातीच्या एका फळाच्या पानांचं मद्य मिळतं, ते प्रवाशांना चाखायला देतात. पद्मजाताईंनी कागदी पेल्यांतून कोकम सरबत दिलं. लोक अगदी छोटे घोट घेत, जिभेवर घोळवत प्याले. एका आजोबांनी तर "कडक आहे हं" म्हणून डोळेही मिचकावले. पुन्हा बसायच्या वेळी आसावरीने पाहिलं, कुणी जागा बदलली नव्हती, आणि प्रत्येकजण शेजारची खुर्ची भरल्याशिवाय बसत नव्हता.

"आता शेवटचा थांबा," पद्मजाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला. "ही शेतं बघा. कापणी होऊन गेलेली, सोनेरी. मधून वाट गेलीय टेकडीवर. वर धान्याच्या देवीचं देऊळ. या देवीची एकुलती एक लेक पाताळाच्या राजाने पळवून नेली. देवी इतकी रडली की पृथ्वीवर दाणा उगवेना. शेवटी तडजोड झाली. लेक वर्षातले काही महिने आईकडे राहील, काही महिने तिकडे. ती आली की शेतं हिरवी, गेली की सुकली."

 नीलांबरीकाकू म्हणाल्या, "आपलं उलटं आहे. इथे आईच सहा महिने लेकीकडे, अन् व्हिसा संपला की सहा महिने परत." कुणी हसलं नाही. नीलांबरीकाकूंनीच नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं, चला वर. वर काय आहे सांगा ना."

पद्मजाताईंनी तोंड उघडलं. पांढरा संगमरवर. एवढे खांब. अमुक शतक. चारही वाक्यं ओठांवर रांगेत उभी होती. समोर बावीस माणसं डोळे लावून बसलेली, त्यात दाराजवळ लिंबू धरलेला एक नवरा.

"मी वर गेलेले नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चौदा वेळा या झाडाखाली बसले. गुडघेवाल्या मंडळींपाशी. ते माझं कामच होतं. इथून देवळाचा एक कोपरा दिसतो, पांढरा. एवढंच मी बघितलंय. या सप्टेंबरमध्ये जाणार होते. जमलं नाही. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं!" त्यांनी छत्रीचा दांडा घट्ट धरला. "पेठेकाका जाऊन आलेत. काका, तुम्हीच सांगा आता."

सगळ्यांच्या माना तिसऱ्या ओळीकडे वळल्या. त्र्यंबककाकांनी लोकरी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्या काठाचा धागा ओढत बसले.

"सांगतो. पण आधी तुम्ही मला एक सांगा, ताई. त्यासाठीच मी तुमच्या मागे लागलो होतो." "शरयू खाली तुमच्यापाशी थांबली होती. गुडघे दुखतात म्हणाली. मी तिला सोडून वर गेलो. खाली आलो तर ही तोंडाला पदर लावून हसतेय, डोळ्यांत पाणी. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही. पुढे कितीदा विचारलं. शेवटच्या आजारपणातही विचारलं. काही नाही, म्हणाली. ती हसत होती की... मी तिला एकटीला टाकून गेलो म्हणून..."

पद्मजाताईंनी डोळे मिटले. झाडाखाली बसलेल्या चौदा सहलींच्या बाया डोळ्यांपुढून सरकू लागल्या. सगळ्या सारख्याच, स्पोर्ट्स शूज आणि साडी, मांडीवर पर्स. कुणाचा चेहरा शरयूचा, काही केल्या कळेना. "काका, खरंच सांगते, इतक्या वर्षांनी..." त्या थांबल्या. "त्यांच्याजवळ काही होतं का? पिशवी, डबा?"

"डबा असायचाच. कडबोळ्यांचा. त्याच्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे."

"पिवळ्या झाकणाचा!" पद्मजाताईंनी डोळे उघडले. "अहो, त्या? त्या तर मला म्हणाल्या होत्या, माझे गुडघे काही तेवढे वाईट नाहीत हो."

त्र्यंबककाकांच्या बोटांतून टोपीचा धागा सुटला.

"म्हणाल्या, आमच्या ह्यांची खोड आहे. चालताना पुढे जातात आणि दर दहा पावलांवर मागे वळून बघतात, मी येतेय का म्हणून. चाळीस वर्षं झाली, सरळ रस्त्याने सरळ चाललेला हा माणूस मी बघितला नाही. आज म्हटलं, मी खालीच बसते. एकदा तरी यांना मागे न बघता जाऊ दे." पद्मजाताईंना आता सगळं लख्ख दिसत होतं, उन्हात चमकणारी ती वाटही. "आणि तुम्ही निघालात. आणि पहिल्याच वळणावर वळून बघितलंत. शरयूताईंनी कडबोळ्याचा एक तुकडा मोडला आणि डब्याच्या झाकणात ठेवला. म्हणाल्या, एक. मग तुम्ही पुन्हा वळलात. दोन. मग आम्ही दोघी मोजतच बसलो. तुम्ही दिसेनासे झालात तेव्हा झाकणात सात तुकडे होते. हसून हसून आमची पुरेवाट! चार त्यांनी खाल्ले, तीन मला दिले."

त्र्यंबककाकांनी टोपी तोंडावर धरली. खांदे हलत होते. हसत होते की रडत होते, मागच्या ओळीला कळलं नाही. शेजारच्या अबोल गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"सात नाही," टोपीआडून आवाज आला. "जास्त असतील. शेवटच्या वळणानंतर तुम्हाला दिसलो नसेन."

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "आता माझी पाळी. वर काय आहे ते मला ठाऊक नाही, ताई."

"काय सांगता!"

"गाइड बोलत होती, सगळे फोटो काढत होते. मी देवळाकडे पाठ करून उभा होतो. खाली तुमची छत्री शोधत."

"दिसली?" पद्मजाताईंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"दिसली ना. शेतांच्या पलीकडे, झेंडूच्या फुलाएवढी. तिच्याखाली दोन ठिपके. एक शरयू, एक तुम्ही. तेवढंच बघितलं मी वर जाऊन."

पद्मजाताई छत्रीच्या कापडाकडे बघू लागल्या. चौदा वेळा त्या खालून वर बघत बसल्या होत्या. वरून कुणी खाली बघत असेल, आणि त्या बघण्यात आपण असू, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. म्हणून काही तो पांढरा कोपरा विझला नाही. उलट आता तर वाटलं, उठावं आणि चालू लागावं. वर जाऊन, देवळाकडे पाठ करून, ते झाड एकदा बघावं.

भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजत आला होता. आसावरीने खूण केली. एक वाजता खोली सोडायची होती. पद्मजाताईंनी घसा खाकरला. "चला मंडळी, परतीचा प्रवास..."

त्र्यंबककाका उठले. खुर्च्यांच्या मधून चालत पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. "छत्री द्या."

"अहो, नको नको, मी..."

"पुन्हा 'नको'!" दारापासून चंद्रशेखरांचा आवाज आला. "अगं, दे ना त्यांना. आणि इकडे ये."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची गोळ्यांची पट्टी उचलून खिशात टाकली. पट्टी अख्खीच होती.

पद्मजाताई मधल्या वाटेने मागे गेल्या. बसच्या या भागात त्या आजवर फक्त उभ्या राहिल्या होत्या, आलेपाक वाटायला, उलटीची पिशवी द्यायला. खुर्चीवर बसल्या, तर हात कुठे ठेवायचे कळेना. चंद्रशेखर उठले, त्यांना आत सरकवून स्वतः वाटेकडच्या खुर्चीवर बसले. "खिडकी तू घे. मला नको. बाहेर बघितलं की लागते."

खिडकीबाहेर लायब्ररीचा पार्किंग लॉट होता, आणि कडेला तांबडा झालेला मेपल. हिमानीची गाडी येऊन थांबली होती.

पुढे त्र्यंबककाकांनी छत्री उंच धरली. वाकडी धरली, पण उंच धरली.

"शेजारी आला का?"

आला. आले. आली, आली बाप्पा. आवाज ओळीओळीने मागे येत गेला. दाराजवळ पोचला तेव्हा चंद्रशेखर म्हणाले, "आली."

आता पद्मजाताईंची पाळी होती. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी किती वेळा विचारला असेल, त्याला गणतीच नाही. उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती. मुठीत लिंबू धरलेल्या शेजाऱ्याकडे त्यांनी नीट, ओळख पटवून घेतल्यासारखं बघितलं.

"आले," त्या म्हणाल्या.

आणि बस सुटेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.